दूध तापवलं, तरी भीती का जात नाही?

एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. ते थोडं आटोपशीर करून देते :

‘ताई, आमच्याकडे रोज सकाळी ओळखीच्या गोठ्यातून दूध येतं. माझे थोरले दीर म्हणतात, दूध धारोष्णच प्यावं, तापवलं की त्यातला कस जातो. माझ्या चार वर्षांच्या मुलीलाही ते कच्चं दूध देतात. मी नको म्हटलं की घरात बोलाचाली होते. आता त्या गोठ्यातल्या एका गाईच्या अंगावर गाठी उठल्यात. त्यातच वाचलं, की गाईंना बर्ड फ्लू झाला आणि दुकानातल्या पाश्चराइज्ड दुधातही त्याचा विषाणू सापडला. गाईंच्या ल्युकेमियाच्या विषाणूमुळे बायकांना स्तनाचा कर्करोग होतो, असंही कुणीतरी पाठवलं. मला पाचवा महिना आहे. तापवूनही विषाणू उरत असेल तर दूध बंदच करू का? रात्री झोप लागत नाही.’

नमस्कार,

आधी थोडक्यात उत्तर देते, म्हणजे आज तरी झोप लागेल. दूध बंद करू नका. नीट तापवलेलं किंवा पाश्चराइज्ड दूध तुम्ही प्या, मुलीलाही द्या. कच्चं दूध मात्र आजपासून दोघींनाही नको, एक घोटसुद्धा नको. दीरांशी काय बोलायचं तेही पुढे लिहिते, पण त्याआधी तुमच्या मनातला गुंता सुटायला हवा.

तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. पहिला, तापवल्यावर विषाणू टिकतो का? दुसरा, टिकला तरी तो माणसाला बाधतो का? गाईंना होणाऱ्या बहुतेक विषाणूंच्या बाबतीत यातल्या निदान एका प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं येतं. काही विषाणू गुरांचेच असतात, माणसाच्या शरीरात त्यांना थारा मिळत नाही. काही माणसालाही होतात, पण तापलेल्या दुधात तग धरत नाहीत. दोन्ही उत्तरं ‘हो’ आली तरच तो पेला धोक्याचा. बातम्या वाचताना हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायची सवय लावून घ्या, निम्मी भीती तिथेच गळून पडते.

गुरांच्या लाळ्या खुरकुताचं उदाहरण घ्या. त्याचा विषाणू चिवट आहे. बऱ्याच विषाणूंना बाहेरून चरबीचं पातळ आवरण असतं आणि उष्णतेत ते लवकर फाटतं. याला तसं आवरणच नाही, शिवाय दुधातली चरबी आणि केसीन हे प्रथिन त्याला आडोसा देतात. ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंद, या नेहमीच्या पाश्चरीकरणातून त्याचा काही अंश वाचू शकतो. म्हणून जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नियमावलीत अशा दुधासाठी जास्त कडक प्रक्रिया सांगितली आहे : १३२ अंशांवर किमान एक सेकंद, किंवा दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप) ७ वा त्याहून जास्त, म्हणजे दूध आंबट नसेल, तर तेच ७२ अंशांचं पाश्चरीकरण दोनदा. एवढंच वाचलं तर कुणीही घाबरेल. पण यामागची काळजी माणसाच्या जिवाची नाही. त्या दुधाबरोबर रोग दुसऱ्या कळपात जाऊ नये, ही आहे. माणसाला हा रोग क्वचितच होतो आणि झाला तरी सौम्य असतो. १८३४ साली तीन पशुवैद्यांनी रोग माणसाला होतो का हे पाहण्यासाठी आजारी गाईंचं कच्चं दूध मुद्दाम प्यायलं होतं आणि त्यांना तो झाला. १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये एका माणसाला झाल्याची नोंद आहे. गुरांच्या एवढ्या प्रचंड साथी येऊन गेल्या, शेकडो लोकांनी त्या जनावरांना रोज हात लावला, तरी माणसांच्या नोंदी फार थोड्या आहेत. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘काही अंशी हो’, दुसऱ्याचं जवळजवळ ‘नाही’.

आता तुमच्या ओळखीच्या गोठ्यातली गाय. पत्रावरून मी निदान करू शकत नाही, ते पशुवैद्यकानेच गाय पाहून करायचं. पण अंगभर टणक, गोल गाठी आणि ताप असेल तर लम्पीची शंका येते. त्याचा विषाणू मेंढ्या आणि शेळ्यांच्या देवीच्या विषाणूंचा भाऊबंद आहे. या रोगाची पहिली नोंद १९२९ साली आजच्या झांबियात झाली, म्हणजे त्याला जवळपास शंभर वर्षं होत आली. तो माणसाला होत नाही. गाईला हात लावून नाही, तिचं दूध पिऊनही नाही.

गाठी अंगावर नसून सडांवर फोड किंवा खपल्या असतील तर गोष्ट वेगळी. गोदेवी आणि तिच्या जातीचे काही विषाणू सडांवर उठतात आणि धार काढणाऱ्याच्या बोटांवर उतरतात. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टरने देवीची पहिली लस टोचली ती धार काढणाऱ्या एका तरुणीच्या हातावरच्या गोदेवीच्या फोडातून घेऊन. ‘व्हॅक्सिन’ हा शब्दही लॅटिनमधल्या ‘व्हाक्का’ म्हणजे गाय या शब्दावरूनच आला. म्हणजे अशा फोडांची बाधा माणसाला होते हे दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे, आणि ती होते प्रामुख्याने हाताला. तेव्हा तुमच्या गोठेवाल्यांना एवढं जरूर विचारा : गाठी कुठे आहेत, आणि धार काढणाऱ्याच्या हातावर काही उठलंय का?

बर्ड फ्लूच्या बातमीने तुम्हाला सगळ्यात जास्त घाबरवलंय असं दिसतं, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत टेक्सास आणि कॅन्सस या राज्यांतल्या दुभत्या गाईंमध्ये एच५एन१ हा पक्ष्यांचा फ्लू सापडला. गाई चारा कमी खात, दूध एकाएकी घटे, आणि जे येई ते दाट, पिवळसर, चिकासारखं दिसे. फ्लू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नाक आणि छाती येते, पण या विषाणूने गाईंमध्ये मुक्काम ठोकला तो कासेत. त्यामुळे आजारी गाईच्या कच्च्या दुधात तो अतोनात प्रमाणात सापडत होता. गोठ्यांतल्या मांजरांनी ते कच्चं दूध प्यायलं आणि त्यातली बरीच दगावली. टेक्सासमध्ये गाईंच्या सान्निध्यात काम करणाऱ्या एका माणसाला लागण झाली, आणि त्याचं मुख्य लक्षण होतं लाल झालेले डोळे. पुढेही गोठ्यांत काम करणाऱ्या लोकांना लागण होत राहिली. दुधाचा शिंतोडा डोळ्यात उडणं, दुधाचा हात डोळ्याला लागणं, हे मार्ग तिथे अगदी जवळचे आहेत.

मग दुकानातल्या दुधात विषाणू सापडला, ती बातमी खोटी का? नाही, बातमी खरी होती. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाजारातल्या दुधाचे आणि दुधाच्या पदार्थांचे नमुने तपासले. सुमारे पाचातल्या एका नमुन्यात एच५एन१चे जनुकीय अंश आढळले. बहुतेकांनी बातमी इथवरच वाचली. त्याच प्रशासनाने ते नमुने पुढे कोंबडीच्या फलित अंड्यांत टोचून पाहिले. विषाणू जिवंत असेल तर तो अंड्यात वाढतोच, त्याच्यासाठी याहून सुपीक जागा नाही. एकाही नमुन्यातून जिवंत विषाणू निघाला नाही.

आधी केली होती ती पीसीआर चाचणी. ती विषाणूच्या जनुकांचे तुकडे शोधते, तो जिवंत आहे की मेलेला हे तिला कळत नाही. अर्धवट जळालेल्या पोथीच्या कपट्यावर एखादी ओवी वाचता येते, म्हणून काही पोथी शाबूत आहे असं होत नाही. तापवलेल्या दुधात सापडले ते असे कपटे. ते पोटात गेले तर इतर अन्नातल्या जनुकांसारखे पचून जातात. म्हणून ‘दुधात विषाणू सापडला’ असं कुठेही वाचलंत की लगेच पाहा : तुकडे सापडले, की जिवंत विषाणू वाढवून दाखवला?

एक गोष्ट मात्र मी तुमच्यापासून लपवणार नाही, कारण आज ना उद्या कुणीतरी ती तुम्हाला पाठवेलच. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका सरकारी प्रयोगशाळेने कच्च्या दुधात भरपूर विषाणू मिसळून ते छोट्या नळ्यांत तापवलं. ६३ अंशांवर अडीच मिनिटांत विषाणू दिसेनासा झाला. ७२ अंशांवर पाच सेकंदांतच तो झपाट्याने घटला, पण एका नमुन्यात २० सेकंदांनंतरही थोडासा जिवंत उरला. यावरून ‘पाश्चरीकरण कुचकामी’ असे मथळे झाले. आता उष्णता विषाणू कसा मारते ते पाहा. ती दिवा विझवल्यासारखी सगळ्यांना एकदम मारत नाही. दर काही सेकंदांना दहातले नऊ मरतात, उरलेल्या एकातले पुन्हा तसेच, असं ते चालतं. सुरुवातीचा साठा जितका अफाट, तितका शेवटचा एक मरायला वेळ जास्त. खऱ्या दुग्धशाळेत आजारी गाईचं दूध वेगळं काढतात, राहिलेलं हजारो लिटर चांगल्या दुधात मिसळून विरळ होतं, आणि ते दूध ७२ अंशांपर्यंत चढतानाही तापतच असतं. अन्न व औषध प्रशासनाने पुढे कृषी खात्याबरोबर दुग्धशाळेसारख्या वाहत्या यंत्रावर प्रयोग केला. तिथे दूध १५ सेकंद तापतं ठेवणाऱ्या नळीत शिरण्याआधीच, नुसतं तापता तापताच, विषाणू निकामी झालेला दिसला. छोट्या नळ्यांतला तो आधीचा प्रयोग खोटा नव्हता. तो एका टोकाच्या स्थितीचा होता, एवढंच.

दूध खरंच तापलं का, हे कळायची एक जुनी चाचणी आहे. मी बरीच वर्षं दुधाच्या प्रयोगशाळेत काढली, तेव्हा ती रोज करायचे. कच्च्या दुधात फॉस्फटेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते नष्ट व्हायला क्षयाच्या जंतूला लागते त्याहून किंचित जास्त उष्णता लागते. म्हणजे फॉस्फटेज गेलं तर जंतूही गेला. काचेच्या नळीत एक रंगहीन द्रावण घ्यायचं, त्यात थोडं दूध घालायचं आणि नळी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात दोन तास उभी ठेवायची. दूध नीट पाश्चराइज झालेलं असेल तर नळी पांढरीच राहते. कच्चं असेल, किंवा तापलेल्या दुधात थोडंसं जरी कच्चं मिसळलं असेल, तर हळूहळू पिवळा रंग चढायला लागतो. आधी पिवळट झाक येते, मग हळदीच्या पाण्यासारखा रंग. कच्च्या दुधाचं एवढंसं प्रमाणही ती नळी पकडते. मला या चाचणीबद्दल अजून आदर आहे, कारण ती कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही.

आणि हे ६३ आणि ७२ अंश कुठून आले? दूध तापवून सुरक्षित करावं असं १८८६ मध्ये फ्रान्झ फॉन सोक्सलेट या जर्मन रसायनतज्ज्ञाने सुचवलं. पुढे तापमान ठरलं ते क्षयाच्या चिवट जंतूकडे पाहून. नंतर क्यू ज्वर या जनावरांकडून माणसाला होणाऱ्या तापाचा जंतू त्याहूनही चिवट निघाला, म्हणून १९५६ मध्ये अमेरिकेत दूध अर्धा तास तापतं ठेवण्याच्या पद्धतीचं तापमान थोडं वाढवून ६३ अंशांजवळ आणलं. म्हणजे ही रेघ आखली होती दणकट जिवाणूंसाठी. चरबीचं आवरण असलेले बहुतेक विषाणू त्या रेघेच्या पुष्कळ आधीच गळतात. फ्लू त्यातलाच, रेबीज त्यातला, आणि गाईंचा ल्युकेमियाही.

ल्युकेमियाबद्दल तुम्ही घाबरून विचारलंय, आणि ती भीती मला समजते. गाईंच्या ल्युकेमियाचा विषाणू १९६९ मध्ये सापडला. बऱ्याच देशांतल्या दुभत्या कळपांत तो पसरलेला आहे, काही युरोपीय देशांनी त्याचं निर्मूलनही केलंय. लागण झालेल्या बहुतेक गाई वरून ठणठणीत दिसतात. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एक निष्कर्ष मांडला : स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांच्या स्तनपेशींत या विषाणूचा डीएनए इतर स्त्रियांपेक्षा जास्त वेळा सापडतो. त्यानंतर दुसऱ्या संशोधकांनी वेगळ्या पद्धतींनी शोध घेतला तेव्हा काहींना तो मुळीच सापडला नाही. म्हणजे एक संबंध दाखवला गेला, त्यावर वाद आहे, आणि ‘या विषाणूमुळे कर्करोग होतो’ हे सिद्ध झालेलं नाही. ‘होतो’ असं ठासून सांगणारा निरोप पुढे पाठवू नका. तुमच्या पेल्यापुरतं महत्त्वाचं हे, की विषाणू नाजूक आहे. तो दुधातल्या पांढऱ्या पेशींत बसलेला असतो आणि पाश्चरीकरणात मरतो. या संशोधनाचं शेवटी काहीही निघो, तापवलेल्या दुधातून तो तुमच्यापर्यंत येत नाही.

इतकं धीराचं सांगितल्यावर आता दुसरी बाजूही तितक्याच जोरात सांगते, कारण माझी खरी काळजी तुमच्या मुलीच्या त्या कच्च्या दुधाबद्दल आहे.

दुधातून माणसाला विषाणू होतच नाहीत, असं मुळीच नाही. १९५१ साली स्लोव्हाकियातल्या रोझ्नावा गावात साडेसहाशेहून जास्त लोक मेंदूज्वराने आजारी पडले. गोचिडांतून शेळ्यांना विषाणू लागला होता. शेळ्यांचं दूध गाईच्या दुधात मिसळलं गेलं, आणि ते दूध पाश्चराइज न करताच लोकांपर्यंत पोचलं. २०२० मध्ये फ्रान्समध्येही कच्च्या दुधाच्या शेळीच्या चीजमधून हाच विषाणू पसरला. शेळी वरून आजारी दिसत नव्हती, दुधाला वास नव्हता, रंग बदललेला नव्हता. ‘आमची गाय धडधाकट आहे, डोळ्यांसमोर धार काढतो’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. डोळ्यांना दिसेल असं त्यात काही नसतं, हेच लोकांना पटत नाही.

रेबीजचंही तेच. १९९६ आणि १९९८ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात दोन वेगवेगळ्या गोठ्यांतल्या गाईंना रेबीज झाल्याचं उघड झालं, तोवर त्यांचं कच्चं दूध ८० जणांच्या पोटात गेलं होतं. सगळ्यांना लस घ्यावी लागली. कुणालाही रेबीज झाला नाही, पण ते दिवस त्या घरांनी कसे काढले असतील याचा विचार करा. तेच दूध उकळलेलं असतं तर कुणाला सुईही टोचावी लागली नसती. पिसाळलेल्या गाईचं दूध कच्चं प्यायलं गेलं असं कधी कळलं, तर थांबून राहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आणि विषाणू सोडून द्या, कच्च्या दुधातले जिवाणू त्यांच्याहून जास्त माणसं आजारी पाडतात. गाईंचा क्षय, ब्रुसेला, साल्मोनेला, काही जहाल जातींचे ई. कोलाय. तुमच्यासाठी मी यात लिस्टेरिया सगळ्यात वर ठेवेन. तो फ्रिजच्या थंडीतही वाढत राहतो. आईला नुसती कणकण वाटते, पण तो वारेतून बाळापर्यंत पोचतो. त्यातून गर्भपात होऊ शकतो. पाचव्या महिन्यात तुम्ही कच्चं दूध आणि कच्च्या दुधाचं मऊ चीज, दोन्हींपासून लांब राहा. दूध आंबवलं किंवा त्याचं चीज केलं म्हणजे सगळं मरतं, हाही समज चुकीचा आहे. एच५एन१ कमी आंबट चीजमध्ये टिकून राहिल्याचं प्रयोगात दिसलंय. विरजण लावायचं असेल तर दूध आधी तापवूनच.

आता घरचं तापवणं. दूध तापायला ठेवाल तेव्हा एकदा उभं राहून नीट बघा. कडेला बारीक बुडबुडे येतात, वर सायीचा पापुद्रा धरतो, तळाची वाफ त्या पापुद्र्याखाली अडकते आणि दूध एकदम वर चढतं. आपण धावत जाऊन गॅस बंद करतो. तेव्हा सगळं दूध उकळलेलं असतंच असं नाही, मोठ्या पातेल्यात मधलं दूध अजून मागे असतं. ते मागे राहिलेलं दूधही बहुधा ७२ अंशांच्या वरच असेल, तरी ‘बहुधा’वर लहान मुलीचं दूध सोडू नये. वर येताना आच मंद करा, पळीने तळापासून ढवळा, पुन्हा उकळी येऊ द्या आणि ढवळत एक-दोन मिनिटं उकळू द्या. त्याहून जास्त आटवायची गरज नाही. मायक्रोवेव्हवर कच्चं दूध सोपवू नका, तो एका बाजूला चटका देतो आणि दुसरी बाजू कोमट ठेवतो.

खरी चूक पुढे होते. उकळलेलं दूध पुन्हा त्याच न धुतलेल्या चरवीत ओततात. कच्च्या दुधाची गाळणी तापवलेल्या दुधावर धरतात. कच्च्यात बुडवलेली पळी तशीच उकळलेल्यात जाते. माझ्या नळीत पिवळा रंग यायचा तो पुष्कळदा अशानेच. कच्च्या दुधाची भांडी, गाळणं, फडकं वेगळं ठेवा, ओतून झाल्यावर हात साबणाने धुवा, आणि मग तापलेल्या दुधाकडे वळा. उकळलेलं दूध झाकून लवकर गार करा आणि ५ अंशांच्या आत ठेवा. पाश्चराइज्ड, सीलबंद आणि थंडच राहिलेलं दूध पुन्हा उकळलं नाही तरी विषाणूंच्या दृष्टीने चालतं, उकळलंत तरी बिघडत नाही.

तापवण्याने काय होत नाही तेही माहीत असू द्या. दूध तासन्‌तास बाहेर राहून त्यात जंतूंनी विष तयार केलं असेल, तर नंतरची उकळी सगळं विष घालवत नाही. आणि गाईला दिलेल्या औषधांचे अंश तर उकळून जात नाहीतच. त्या गाठीच्या गाईबद्दल मला लम्पीच्या विषाणूपेक्षा याची जास्त चिंता आहे. गाठी फुटल्या, जखमा चिघळल्या की तिला प्रतिजैविकं सुरू होतात. औषध बंद केल्यावरही ठरावीक दिवस तिचं दूध वगळायचं असतं, आणि तो काळ औषधागणिक वेगळा असतो. पशुवैद्यक तो लिहून देतात. कासेला सूज असेल, दुधात गाठी किंवा रक्ताची झाक असेल तर ते दूध तापवूनही पिऊ नये.

दीरांशी बोलताना त्यांच्यावर धावून जाऊ नका. त्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, आणि ते मान्य केलंत तर पुढचं ते ऐकतील. उकळल्याने ब१, ब१२, फोलेट ही जीवनसत्त्वं थोडी कमी होतात. क जीवनसत्त्वही घटतं, पण दुधात ते मुळातच नावाला असतं. कॅल्शियम तापवण्याने नष्ट होत नाही. केसीन उष्णता पचवतं. दूध फाटल्यावर निवळ पाण्यात राहणारी प्रथिनं उलगडतात, म्हणूनच साय धरते, पण त्याने त्यांचं पोषण हरवत नाही. कच्च्या दुधाची बाजू घेणारे आणखी एक मुद्दा काढतात : युरोपात गोठ्याशेजारी वाढलेल्या आणि तिथलं दूध पिणाऱ्या मुलांना दमा आणि ॲलर्जी कमी आढळली. ती निरीक्षणं खरी आहेत. पण ज्यांनी ती केली त्यांनीही मुलांना कच्चं दूध द्या असं म्हटलं नाही, कारण त्यातल्या जंतूंचा धोका त्यांना ठाऊक होता.

शक्य झालं तर हे मुलीसमोर बोलू नका, आणि ‘तुमचं चुकतंय’पासून सुरुवात करू नका. ‘बाळ येईपर्यंत आणि ही मोठी होईपर्यंत घरात सगळं दूध उकळूनच’ असं डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा. ते खोटं ठरणार नाही, पुढच्या तपासणीला तुमच्या डॉक्टरांना विचारा, त्या हेच सांगतील. दीरांना स्वतःला कच्चंच प्यायचं असेल तर त्यांचा पेला आणि त्यांचं भांडं वेगळं ठेवा, मुलीच्या दुधात ती पळी जाऊ देऊ नका.

आजवर तिने जे कच्चं दूध प्यायलं त्याचं ओझं मनावर घेऊ नका. बहुतेक मुलांना त्यातून काहीच होत नाही. पुढचे काही महिने फक्त लक्ष असू द्या : उतरून पुन्हा चढणारा ताप, रात्री घाम, सांधे दुखणं, मानेत न दुखणाऱ्या गाठी, रक्त पडणारे जुलाब. यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना आपणहून सांगा की ही कच्चं दूध पीत होती. त्यांना ते विचारायचं सुचेलच असं नाही, आणि त्या एका वाक्याने निदानाचे कित्येक दिवस वाचतात. तुम्हाला स्वतःला ताप आला, नुसती कणकण वाटली, तरी तो अंगावर काढू नका. त्याच दिवशी दाखवा, आणि हेच वाक्य तुमच्याबद्दलही सांगा.